दोन वाट्या चिवडा

त्या रविवारी चार वाजता बायकोने चहा ठेवला आणि मला भिंतीकडे तोंड करून बसवलं. हे आमच्याकडे नवीन नव्हतं. महिन्याचं सामान आणलं की पुढच्या रविवारी मला असं बसावं लागायचं. पाकीट फाडल्याचा आवाज मला कळू नये म्हणून ती नळाखाली बादली लावायची आणि त्या आवाजात फाडायची. मग मागून हुकूम यायचा, "फिरा आता."

मी फिरलो. समोर दोन वाट्या. दोन्हीत पातळ पोह्यांचा चिवडा. एक तिच्या हातचा, एक दुकानाचा. दुकानाच्या चिवड्यात बेदाणे असतात, ते तिने अख्ख्या पाकिटातून वेचून काढलेले होते, नाहीतर मी नुसता बघूनच ओळखला असता. तेवढी हुशारी माझ्यात आहे हे तिला माहीत होतं.

हे कशासाठी ते आधी सांगतो. आम्ही विश्रांतवाडीत दोन खोल्यांत राहायचो. मी अजून तिथेच आहे. रस्त्यावर ते मोठं दुकान झालं, आत गारठा, ढकलायच्या गाड्या आणि सगळं पाकिटात. लोक त्याला मॉल म्हणतात. मी दुकानच म्हणतो. तिथे कंपनीच्या मालाशेजारी दुकानाच्या स्वतःच्या नावाचा माल असतो, जरा स्वस्त. तिचे गुडघे गेले होते. गॅसपुढे उभं राहून तासभर पोहे परतायचे, भाजणीसाठी धान्यं भाजायची, चकल्या पाडायच्या, हे तिला होईना. ती म्हणायची, यातलं थोडं दुकानातून आणू. मी म्हणायचो, पाकिटातलं माणसाने खायचं नसतं. यावर आमची पुष्कळ भांडणं झाली. शेवटी तिनेच तोड काढली. "तुम्हाला एवढं कळतं ना, मग ओळखून दाखवा. ज्यात चुकाल ते मी घरी करायचं बंद. ज्यात ओळखाल ते करत राहीन." मी म्हटलं, ठरलं. मला वाटलं, मी कशाला चुकतोय.

पापडात चुकलो. पापड बंद झाले. शंकरपाळ्यांत चुकलो, त्या बंद झाल्या. भाजणी मात्र ओळखली, दुकानाच्या भाजणीत धणे कच्चे होते. चकली तोंडात घालायच्या आधी बोटानेच ओळखली. पाणी ओतलं की होतो तो उपमा तिने एकदा पुढे ठेवला. मी एक घास खाल्ला आणि म्हटलं, "ही खळ आहे. पतंगाला लावा." ती म्हणाली, "बरं झालं, नाहीतर उद्यापासून हाच मिळणार होता." दुकानात टोपी घातलेली एक मुलगी काडीला टोचून कसलेकसले तुकडे चाखायला द्यायची. मी तिच्याकडे दोनदा जायचो, एकदा चष्मा लावून, एकदा काढून. बायको लांब उभी राहून मला ओळखत नसल्यासारखं करायची.

तर चिवडा. पहिल्या वाटीतला मी खाल्ला. पोहे कुरकुरीत, शेंगदाणे नीट तळलेले, पण मीठ जवळजवळ नाही, तिखट नाही. दुसऱ्या वाटीत हात घातला. मीठ होतं, हिरवी मिरची होती, लसूण होता. माझी जीभ जागी झाली. मी ती वाटी पुढे सरकवली. "हा तुझा."

"नक्की?"

"इतकी वर्षं खातोय. हा तुझाच हात."

"आणि तो?"

"तो दुकानाचा. मिठालासुद्धा पैसे पडतात म्हणून घातलेलं नाही त्यांनी."

ती "बरं" म्हणाली, वाट्या उचलल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेली. मला वाटलं ठसका लागला. आतून ओरडून पाणी पी म्हटलं. थोड्या वेळाने ती बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. मी ओळखला तो चिवडा तिने पितळी कडीच्या मोठ्या डब्यात भरला होता आणि दुसरा प्लॅस्टिकच्या बरणीत. "डब्यातला तुमचा," म्हणाली. "पण रोज मूठभरच हां." मग आम्ही चहा प्यायलो. ती गॅलरीत बसून आमच्या मुलीशी फोनवर बरंच बोलली. मी आडवा झालो. रविवार संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती धुणं वाळत घालता घालता खाली बसली. छातीत जड वाटतंय म्हणाली. शेजारच्या भाभींनी धावत जाऊन रिक्षा आणली. दवाखान्याच्या दारात मी हाक मारली तेव्हा तिने हं केलं. आत नेल्यावर केलं नाही. यावर मला जास्त लिहिता येत नाही.

गावाकडचे लोक आले. विहारातले आले. तीन दिवस घरात बसायला जागा नव्हती. शेजारच्या भाभींचं घर आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून आहे, त्यांचे सासरे इथे राहायला आले त्याच साली आम्ही आलो. आमची चूल बंद होती तेवढे दिवस त्यांनीच सगळ्यांचा चहा केला. लांबून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना चहाबरोबर काहीतरी द्यायला हवं होतं. भाभींनी फळीवरचा मोठा डबा काढला, तशी मी जागेवरून उठलो. "तो ठेवा. तो तिच्या हातचा आहे. बरणीतला द्या, तो दुकानाचा."

"बरं भाऊ," म्हणाल्या आणि त्यांनी बरणी रिकामी केली. सगळ्यांनी खाल्ला. माझा एक चुलतभाऊ मूठ तोंडात टाकून म्हणाला, "मिठाला कमी आहे." मी म्हटलं, "दुकानाचा आहे. तसाच असायचा."

मी त्यातला एक दाणा खाल्ला नाही.

लोक गेल्यावर मुलगी म्हणाली, बाबा, आमच्याकडे चला. ती हडपसरला राहते, सरकारी कचेरीत नोकरीला आहे, जावई भला माणूस आहे. त्यांच्याकडे मला काही कमी नाही. पण त्यांच्याकडे मी पाणीसुद्धा विचारून पितो. पंखा लावू का विचारतो. संध्याकाळी कुठे जाऊन बसायचं ते मला तिथे ठाऊक नाही. इथे विहाराच्या कट्ट्यावर माझी जागा ठरलेली आहे, तिथे दुसरा बसला असला तर मला बघून उठतो. मला ही जागा सोडायची नव्हती. मी तसं स्पष्ट सांगितलं. मुलगी तिच्या आईवर गेली आहे, तिने पण स्पष्ट सांगितलं. "महिनाभर बघते. नीट खाल्लंत, तब्येत नीट राहिली तर राहा इथेच. नाहीतर मी सामान बांधणार आणि तुम्हाला विचारणार नाही." मी कबूल केलं.

मला चहा येतो. अंडं उकडता येतं. यापलीकडे मी कधी गॅसजवळ गेलो नव्हतो. म्हणून मुलीने त्याच दुकानातून पिशव्या भरून तयार जेवण आणून ठेवलं. दालखिचडी, राजमा, पावभाजीची भाजी, सांबार. उकळत्या पाण्यात पाकीट सोडायचं, थोड्या वेळाने कापायचं, झालं. पोह्यांचे कागदी पेलेही होते, त्यात गरम पाणी घालून झाकून ठेवायचं. भाभी डबा देतो म्हणत होत्या. मी नको म्हटलं. त्यांच्या सुनेला बाळ झालं होतं, घरात आधीच खूप काम होतं. आणि मुलीला दाखवायचं होतं की माझं मी भागवतो.

भागवलं कसं ते सांगतो. दालखिचडी म्हणजे गरम चिखल. राजमा बरा, पण रोज राजमा खायला मी काय दिल्लीचा आहे का. सांबार आंबट नुसतं. पोह्यांच्या पेल्यात पोहे कुठे होते ते मी शोधत राहिलो. पण खरं सांगायचं तर माल एवढा वाईट नव्हता. ती असती तर आम्ही त्यावर भांडलो असतो, ती म्हणाली असती चांगलंय, मी म्हटलं असतं गुरांना घाला, आणि त्या नादात मी ताट साफ केलं असतं. एकट्याने चव घेऊन उपयोग काय. नाव ठेवायचं तरी कोणापुढे. दोन घास खाऊन मी पाकीट बाजूला सारायचो.

मग मी तिचा डबा काढायचो. त्या खिचडीवर एक मूठ चिवडा टाकला की ती उतरायची. सकाळी चहाबरोबर एक मूठ, दुपारी एक, संध्याकाळी एक. ती रोज मूठभरच म्हणाली होती, पण एकदाच असं म्हणाली नव्हती. डबा गच्च भरलेला होता. मी हात कोरडा करूनच आत घालायचो. खाली गेलेला मसाला वर यावा म्हणून डबा हलवायचो. झाकण लावताना वास घ्यायचो. लसूण, मिरची, तळलेला कढीपत्ता. मनात म्हणायचो, अजून आहे. भाभींचा मोठा नातू एकदा आला, त्याला मी बिस्किट दिलं, चिवडा नाही दिला. म्हातारपणी माणूस असा होतो.

पाय सुजायला लागले. मी चप्पल सैल केली. मग एके सकाळी कट्ट्यावरून उठताना गरगरलं आणि शेजारच्याने मला धरलं. ही बातमी माझ्या आधी हडपसरला पोचली. मुलगी रजा टाकून आली आणि मला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि पुन्हा बांधला.

"आजोबा, काय खाता?"

"घरचं."

"मीठ?"

"मीठ नाहीच. माझी बायको माझ्यासाठी सगळं कमी मिठाचं करायची. तिच्या हातचा चिवडा खातो, तोही तसलाच."

डॉक्टरांनी आकडा कागदावर लिहिला आणि खाली गोळ्या लिहून दिल्या. मुलीने माझं सामान बांधायचं ठरवलं आहे हे मला रिक्षात तिच्या पर्सवरच्या हातावरून कळलं.

घरी आल्यावर तिने चष्मा लावला आणि फळीवरची पाकिटं खाली काढली. मागचं बारीक छापलेलं वाचायला लागली. एक वाचलं, दुसरं वाचलं. मग सगळी परत पिशवीत टाकली आणि तिथेच खाली बसली.

"मीच आणली ही," म्हणाली. "मिठाची पोती आहेत नुसती. मीच आणून दिली तुम्हाला."

"मी कुठे खाल्ली. दोन-दोन घास खाल्लेत."

"मग पोट कशावर भरलं?"

मी डबा दाखवला. तिने झाकण काढलं, चिमूटभर तोंडात टाकला. चावता चावता थांबली. पुन्हा एक चिमूट घेतली. मग तिने माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं झुरळ निघालं.

"बाबा, हा आईचा नाही."

"डोकं फिरलंय तुझं."

"हा दुकानाचा आहे."

"मी स्वतः ओळखलाय. तिच्यासमोर ओळखलाय. भिंतीकडे तोंड करून बसलो होतो मी."

"हो, माहितीये मला. तिने फोन केला होता त्या दिवशी." मुलीने डबा मांडीवर घेतला होता. "तिला हसू आवरत नव्हतं. बोलताच येईना आधी. म्हणाली, तुझा बाप आज फसला. दुकानाचा उचलला आणि म्हणतो कसा, हा तुझाच हात. आणि माझा खाऊन म्हणाला, मिठाला पैसे पडतात."

मी म्हटलं, खोटं आहे. पण मला तेव्हाच कळलं होतं. तिने मागच्या वर्षापासून माझ्या रक्तदाबासाठी मीठ-तिखट कमी केलेलं होतं, सगळ्यातलंच. मी रोज तेच खात होतो आणि कुरकुर करत होतो. जिभेवर मात्र तिचा जुनाच हात बसलेला होता, लग्नानंतरचा, मिरची-मीठ सढळ. तो मला दुकानाच्या पाकिटात सापडला आणि मी म्हटलं, हा तुझा. तिचा आताचा हात समोर होता, तो मी बाजूला सारला.

"मग मला का नाही सांगितलं तिने?"

"सांगणार होती. म्हणाली, चार दिवस खाऊ दे मिठाचा, बिचाऱ्याला बऱ्याच दिवसांनी चव मिळाली आहे. मग सांगते. तुमचं तोंड बघायचं होतं तिला." मुलगी हसायला लागली आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. "खूश होती हो ती. म्हणाली, सुटले बाई. या दिवाळीला कढई नाही, काही नाही. दुकानाचा आणणार आणि त्यात नुसते पोहे भाजून मिसळणार, म्हणजे मीठ निम्मं होईल. सगळं ठरवून ठेवलं होतं तिने."

तिने ते फोनवर सांगितलं तेव्हा मी आतल्या खोलीत आडवा होतो. तिचं हसू मला ऐकू आलं होतं. मला वाटलं होतं मुलीने काही विनोद केला असेल.

मग बरणी आठवली. "तिचा होता तो मी लोकांना दिला," मी म्हटलं. "भाभींना सांगून दिला. मी एक दाणा खाल्ला नाही."

"मी खाल्ला," मुलगी म्हणाली. "त्या दिवशी सकाळपासून पोटात काही नव्हतं. भाभींनी चहाबरोबर बशीत दिला. मला कळलं होतं तो आईचा आहे ते. वाटलं, तुम्हालाही माहीत आहे आणि म्हणूनच सगळ्यांना देताय. छान वाटलं होतं मला."

"तसं काही नव्हतं. मी कद्रूपणा करत होतो."

"असू दे. तिने केलेलं आलेल्यांनीच खाल्लं. काकांनी तर दोनदा घेतला."

"मिठाला कमी म्हणाला तो."

"म्हणाले, पण दोनदा घेतला."

तेव्हा मला पहिल्यांदा नीट रडू आलं. दवाखान्यात आलं नव्हतं, वंदनेच्या वेळी आलं नव्हतं. मुलगी शेजारी बसून राहिली. पाठीवर हात वगैरे फिरवला नाही तिने, आमच्यात तशी पद्धत नाही. भाभींनी भिंतीपलीकडून विचारलं, "भाऊ, सगळं ठीक आहे ना?" मुलगी म्हणाली, "ठीक आहे भाभी, चिवड्यावरून चाललंय." भाभी म्हणाल्या, "चालू दे मग."

उरलेला चिवडा मी मुलीला न्यायला दिला. तिने विचारलं, ठेवायचा नाही का थोडा. मी म्हटलं, दुकानाचा आहे, दुकानात मिळतो. डबा धुऊन पालथा घातला. पाकिटांची पिशवीही तिच्याच सामानात गेली.

रात्री ती इथेच राहिली. झोपायच्या आधी म्हणाली, "बाबा, उद्या आपण बोलू." काय बोलायचं ते दोघांनाही माहीत होतं. महिना झाला होता, तब्येत नीट नव्हती. शब्द मीच दिलेला होता.

सकाळी मी तिच्या आधी उठलो. आंघोळ केली. मग तांदळाचा डबा काढला आणि गॅलरीच्या जाळीशी जाऊन हळू आवाजात हाक मारली. "भाभी, एका वाटीला पाणी किती?"

भाभी कपडे पिळत होत्या. त्यांनी मान वर केली. "कशाला, भाऊ?"

"भाताला. आणि डाळही सांगा."

"मी येते ना."

"यायचं नाही. तिथूनच सांगा."

त्यांनी सांगितलं. तांदूळ दोनदा धुवा. डाळीत हळद घाला, तेलाचा थेंब टाका. कुकरच्या तळाशी पाणी घालायला विसरू नका, नाहीतर सगळी बिल्डिंग गोळा होईल. मी ऐकलं तसं केलं. शिट्टी कुठली खरी धरायची ते कळेना, पहिली नुसतीच फुसफुस होती. भाभी पलीकडून मोजत होत्या. "ही नाही धरायची, भाऊ. ही धरा. आता बंद करा. लगेच उघडू नका."

मुलगी उठून दारात येऊन उभी राहिली होती. तिने केस बांधलेले नव्हते. ताटं घेतली, दही काढलं, लिंबू कापलं.

भात जास्त शिजला होता. गोळा झाला होता. डाळ तळाला घट्ट आणि वर पाणी. मी मीठ घातलं नव्हतं. मुलीने स्वतःच्या ताटात घेतलं आणि मिठाची बरणी स्वतःच्या बाजूला ठेवून दिली. मी डाळीवर लिंबू पिळलं. पहिला घास घेतला तेव्हा जीभ भाजली.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"भाताचा लगदा झालाय," ती म्हणाली. "उद्या पाणी कमी घाला."

उद्या म्हणाली ती. मी मान खाली घालून जेवत राहिलो. ताट पुसून संपवलं, पुन्हा वाढून घेतलं आणि तेही संपवलं. तिला इथूनच कचेरीत जायचं होतं. पर्स उचलली आणि दाराशी चप्पल घालता घालता म्हणाली, "बुधवारी संध्याकाळी येते. डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर घ्या. आणि भाजी आणा काहीतरी, नुसता वरणभात किती दिवस खाणार."

ती जिना उतरून गेली. मी कुकर घासला, आतला चिकटलेला भात निघेना म्हणून त्यात पाणी भरून ठेवलं. मग पिशवी घेतली, चप्पल घातली आणि भाजीवालीकडे जाऊन विचारलं, मेथी निवडतात म्हणजे नेमकं काय करतात.